जुळ्यांचा रोजमेळ आणि खतावणी

अवसर्पिणीच्या प्रारंभीचा काळ जैन परंपरेने युगलिकांचा मानला आहे. त्या काळी प्रत्येक मातेच्या उदरी जुळेच जन्मास येई आणि मातापित्यांना त्याचे संगोपन मोजकेच दिवस करावे लागे. श्वेतांबर परंपरेतील वर्णनानुसार पहिल्या आऱ्यात ४९, दुसऱ्यात ६४ आणि तिसऱ्यात ७९ दिवस. अन्न-वस्त्राची चिंता कल्पवृक्ष वाहत. आजच्या जुळ्यांच्या आईला कल्पवृक्ष लाभत नाही आणि एकोणपन्नासाव्या दिवशी तिची जबाबदारीही संपत नाही. उलट बाळे वर्षाची होऊन चालू लागली की खरी कसोटी तेव्हा सुरू होते. तान्ही असताना दोघांना एका पाळण्यात निजवता येते. पाय फुटल्यावर एक जिन्याकडे धावतो आणि दुसरी देवघराकडे.

जुळ्यांचे प्रमाण जगभर वाढत आहे. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासानुसार १९८० च्या दशकात दर हजार प्रसूतींमागे सुमारे ९ जुळी जन्मत. आता हे प्रमाण सुमारे १२ झाले आहे. वर्षाला जवळजवळ १६ लाख जुळ्यांच्या जोड्या जन्मास येतात. वंध्यत्वावरील उपचारांचा प्रसार आणि वाढलेल्या वयात येणारे मातृत्व ही त्याची प्रमुख कारणे मानली जातात. एकाच फलित बीजाचे दोन भाग होऊन जन्मणारी एकसारखी जुळी सर्वत्र साधारण सारख्याच प्रमाणात, हजारी सुमारे चार, आढळतात. वाढ झाली आहे ती दोन स्वतंत्र बीजांपासून जन्मणाऱ्या जुळ्यांत. ही भावंडे एका वेळी जन्मली एवढेच. एरवी त्यांच्यात इतर सख्ख्या भावंडांइतकेच साम्य असते. असे असूनही घरात आणि बाजारात दोघांचा उल्लेख ‘जुळे’ या एकाच शब्दाने होतो, आणि त्या एका शब्दात दोन मुले हरवण्याचा धोका असतो.

व्यापारी घराला या प्रश्नाची उकल आपल्याच वह्यांत सापडण्यासारखी आहे. रोजमेळात दिवसाचे सर्व व्यवहार एकापाठोपाठ एका पानावर उतरतात; खतावणीत मात्र प्रत्येकाचे पान स्वतंत्र असते. दोन सख्ख्या भावांची खाती एकाच पानावर लिहिली तर वर्षअखेरीस कोणाचे किती येणे हे कोणालाच सांगता येणार नाही. जुळ्यांच्या संगोपनाचेही असेच आहे. दिवसाचा क्रम दोघांचा एक असावा. मुलाची ओळख, प्रकृती आणि प्रगती यांचे पान मात्र ज्याचे त्याला.

रोजमेळ : दिनक्रम एकत्र

बुलढाण्याहून राजूर घाट उतरून मलकापूरकडे निघाले की वाटेत मोताळा लागते. तालुक्याच्या अशा गावी व्यापारी घराची रचना बहुधा ठरलेली असते : खाली दुकान, मागे गोदाम, वर राहते घर. मृगाच्या तोंडावर बी-बियाण्यांची आणि खतांची झुंबड, दिवाळीनंतर कापसाचा हंगाम, मार्चमध्ये हिशेबाची घाई. वर्षातील कित्येक महिने घरातील पुरुष सकाळी खाली उतरतात ते रात्रीच वर येतात. वरच्या मजल्यावर उरतात त्या आई, सासूबाई आणि दोन धावती पावले असलेली दोन मुले. थोरल्या कुटुंबात काकू, आत्या, मोठी चुलत भावंडे असत. आता एका भावाचे दुकान मलकापुरात, दुसऱ्याचे पुण्यात, आणि मुलांमागे धावणारे हात कमी झालेले.

अशा वेळी वेळेचा हिशेब मांडून पाहावा. दोन वर्षांच्या मुलाला दिवसातून पाच वेळा खाऊ घालायचे आणि प्रत्येक वेळी वीस मिनिटे लागतात असे धरले, तर दोघांना वेगवेगळे भरवण्यात २०० मिनिटे जातात. दोघांना शेजारी बसवून एकाच वेळी भरवले आणि त्याला अर्धा तास लागला, तर १५० मिनिटांत काम होते. रोजची ५० मिनिटे वाचली, म्हणजे महिन्याचे २५ तास. दुकानात एवढी बचत दिसली तर कोणताही शेठ ती सोडणार नाही. स्वयंपाकघरात मात्र ती कोणी मोजत नाही.

झोपेलाही हाच नियम लागू पडतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार एक ते दोन वर्षांच्या मुलाला दिवसरात्र मिळून ११ ते १४ तास आणि तीन-चार वर्षांच्या मुलाला १० ते १३ तास झोप हवी. दुपारी एक जागा झाला आणि दुसरा तासभर निजून राहिला, तर रात्री दोघांच्या वेळा फाटतात आणि आईला झोपण्यासाठी सलग दोन तासही मिळत नाहीत. म्हणून दुपारी एक उठल्यावर थोड्याच वेळात दुसऱ्यालाही हळुवार उठवावे. झोपलेल्या बाळाला उठवू नये, हा आजीबाईंचा सल्ला एका बाळासाठी योग्यच आहे. दोघांच्या बाबतीत त्याला मुरड घालावी लागते.

दिवसातील सर्वांत अवघड तास सायंकाळचा. अनेक जैन घरांत सूर्यास्तापूर्वी जेवण उरकण्याचा नियम काटेकोरपणे पाळला जातो. डिसेंबरात या भागात सहा वाजण्याच्या आत सूर्य मावळतो. म्हणजे पाच ते सहा या तासात सर्वांचा स्वयंपाक, वाढणे आणि आवरणे गाठायचे असते. नेमकी त्याच वेळी दुपारच्या झोपेतून उठलेली, भुकेली, किरकिरी मुले आईच्या पदराशी झोंबतात. पोळपाट-लाटणे, तापलेला तवा आणि ओट्याखाली दोन मुले हा प्रसंग भाजण्याच्या अपघाताला आमंत्रण आहे. या एका तासापुरती दोन्ही मुले स्वयंपाकघराबाहेर नेण्याची जबाबदारी घरातील कोणा एका पुरुषाने घ्यावी. आजोबांनी दोघांना गच्चीवर न्यावे, अथवा वडिलांनी दुकान तासभर मुनीमजींवर सोपवून वर यावे. गिऱ्हाईक दहा मिनिटे थांबते. उकळते वरण थांबत नाही.

खाली दुकान असण्याचे धोकेही स्वतंत्र आहेत. कृषी सेवा केंद्र असेल तर कीटकनाशकांच्या बाटल्या आणि धान्य टिकवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या घराच्या हद्दीत असतात. ही गोळी प्राणघातक आहे आणि तिच्यावर नेमका उतारा नाही. असा माल कुलपातच हवा, आणि कुलपाची किल्ली मुलांच्या हाती लागेल अशा खुंटीवर नको. गल्ल्यातील नाणी, तराजूची लहान वजने, इलेक्ट्रॉनिक काट्यातील व खेळण्यांतील चपटे बटनसेल या वस्तू तोंडात जातात. बटनसेल गिळला गेल्यास तो अन्ननलिकेत अडकून दोन तासांतच आतून जखम करू शकतो. अशा वेळी तो शौचावाटे पडेल म्हणून वाट न पाहता तत्काळ रुग्णालय गाठावे. किराण्याच्या पोत्यांतील अख्खे शेंगदाणे आणि फुटाणे चार-पाच वर्षांपर्यंत मुलांच्या हाती देऊ नयेत, कारण ते श्वासनलिकेत अडकतात. उन्हाळ्यात नळाचे पाणी रोज येत नाही म्हणून भरून ठेवलेली पिंपे आणि बादल्या झाकलेल्याच असाव्यात. लहान मूल वीतभर पाण्यातही बुडते.

जुळ्यांच्या बाबतीत हे धोके दुपटीहून अधिक वाढतात. एकटे मूल पिंपावर चढू शकत नाही; दोघे मिळून स्टूल ढकलत नेतात. एकाने कडी काढायची, दुसऱ्याने दार ओढायचे, ही भागीदारी त्यांना कोणी शिकवावी लागत नाही. म्हणून जिन्याच्या वरच्या व खालच्या तोंडाशी फाटक असावे. त्याखेरीज एक खोली अशी असावी की जिच्यात मोडण्यासारखे, गिळण्यासारखे वा चढण्यासारखे काहीही नाही. आईला पाच मिनिटे न्हाणीघरात जाता यावे, एवढ्यासाठी तरी अशी खोली हवी.

खतावणी : प्रत्येकाचे पान वेगळे

एक आजारी पडला की दोन-तीन दिवसांत दुसराही पडतो, हा जुळ्यांच्या प्रत्येक घरचा अनुभव. रात्री दोघांना ताप. आईने एकाला औषध दिले. अर्ध्या तासाने सासूबाई उठल्या. त्यांनी रडणाऱ्याला पुन्हा तेच औषध दिले, आणि दुसरा तसाच राहिला. पॅरासिटामॉलसारखे नित्याचे औषधही प्रमाणाबाहेर गेले तर यकृताला इजा करते. त्यावर उपाय अत्यंत साधा आणि व्यापारी घराच्या हाडीमांसी खिळलेला आहे : वही. डाव्या पानावर एकाचे नाव, उजव्या पानावर दुसऱ्याचे. औषध, मात्रा, वेळ आणि देणाऱ्याचे नाव. नोंद झाल्याशिवाय बाटलीचे झाकण लावायचे नाही. मात्रा वजनावर ठरते आणि जुळ्यांची वजने बहुधा सारखी नसतात. म्हणून एकासाठी लिहून दिलेले औषध दुसऱ्याला अंदाजाने देऊ नये.

लसीकरणाचेही पान वेगळे ठेवावे. राष्ट्रीय वेळापत्रकानुसार गोवर-रुबेलाची पहिली मात्रा ९ महिने पूर्ण झाल्यावर आणि दुसरी १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान द्यावयाची असते. त्याच सुमारास डीपीटीची पहिली बूस्टर मात्रा येते. अ जीवनसत्त्वाचा डोस नवव्या महिन्यापासून दिला जातो आणि पुढे पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी. लसीच्या दिवशी एक तापला असेल तर आरोग्यसेविका त्याची लस पुढे ढकलू शकते. मग ‘दोघांचे झाले’ असे सर्वजण धरून चालतात आणि एकाची मात्रा राहून जाते. अशा चुका टाळायच्या तर नावेही विचारपूर्वक ठेवावीत. जन्मतारीख एक, आडनाव एक, वडील एक. त्यात नावेही यमक जुळणारी आणि एकाच अक्षराने सुरू होणारी असली, तर रुग्णालयाच्या केसपेपरपासून शाळेच्या दाखल्यापर्यंत गोंधळाला दार उघडे राहते.

वाढीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट जाणून घेण्यासारखी आहे. निम्म्याहून अधिक जुळी ३७ आठवडे पूर्ण होण्यापूर्वी जन्मतात. महिनाभर आधी जन्मलेले मूल बारा महिन्यांचे झाले तरी त्याच्या बसण्या-चालण्या-बोलण्याची तुलना अकरा महिन्यांच्या मुलाशी करावी लागते. हे ‘सुधारित वय’ साधारण दोन वर्षांपर्यंत विचारात घेतात. मात्र लसीकरण प्रत्यक्ष जन्मतारखेनुसारच करायचे असते. शेजारच्या मुलाने पाऊल टाकले आणि आपली दोन्ही अजून रांगतात, या चिंतेने झोप उडालेल्या आईला हा एवढा हिशेब पुष्कळ धीर देतो.

बोलण्याचा प्रश्न अधिक नाजूक आहे. जुळी मुले इतरांपेक्षा सरासरीने काहीशी उशिरा बोलू लागतात. मुदतपूर्व जन्म हे त्याचे एक कारण. दुसरे कारण घरात घडते. एकट्या मुलाशी मोठी माणसे डोळ्याला डोळा भिडवून बोलतात. जुळ्यांशी बोलणे होते ते ‘चला, बसा, जेवा, भांडू नका’ अशा सामाईक आज्ञांत. मुलांनाही मोठ्यांच्या शब्दांची निकड वाटत नाही, कारण एकमेकांच्या खुणा त्यांना पुरतात. रशियन मानसशास्त्रज्ञ अलेक्झांडर लुरिया आणि त्यांच्या सहकारी युडोविच यांनी पाच वर्षांच्या एकसारख्या जुळ्या भावांचा केलेला अभ्यास या संदर्भात प्रसिद्ध आहे. १९५९ मध्ये तो पुस्तकरूपाने इंग्रजीत आला. ही मुले आपसांत खुणा आणि तुटक शब्दांवर भागवत. त्यांना बालवाडीच्या दोन वेगळ्या गटांत बसवले, आणि तीन महिन्यांतच दोघांचे बोलणे व खेळणे लक्षणीय सुधारले. इतर मुलांशी व्यवहार करायचा तर शब्द वापरणे भाग पडले.

यासाठी जुळ्यांना एकमेकांपासून तोडण्याचे कारण नाही. दिवसातून पंधरा-वीस मिनिटे एकच मूल एकाच मोठ्या माणसाच्या वाट्याला यावे, एवढे पुरते. आजोबांनी एकाला बोट धरून मंदिरात किंवा स्थानकात न्यावे, तोवर आजीने दुसऱ्याला शेंगा सोलता सोलता गोष्ट सांगावी. दुसऱ्या दिवशी पाळी बदलावी. घरात मारवाडी वा गुजराती, अंगणात वऱ्हाडी, दूरचित्रवाणीवर हिंदी, अशा अनेक भाषा कानी पडल्याने मूल मुके राहते, ही समजूत खरी नाही. मूल दोन-तीन भाषा सहज पेलते. त्याच्याशी कोणी बोलतच नाही, हे मात्र त्याला पेलत नाही. दोन वर्षांखालील मुलांच्या हाती मोबाइल देऊन मिळवलेली शांतता म्हणूनच महाग पडते. सुधारित वयाचे दीड वर्ष होईपर्यंत एकही शब्द नाही, किंवा दोन वर्षांपर्यंत दोन शब्द जोडून बोलणे नाही, असे आढळल्यास ‘जुळी उशिराच बोलतात’ म्हणून स्वस्थ न बसता बालरोगतज्ज्ञांना दाखवावे व श्रवणाची तपासणी करून घ्यावी.

मग येते तुलना. ‘हा शांत, तो मस्तीखोर’, ‘ही हुशार, ती आळशी’ असे शिक्के दुसऱ्या वाढदिवसापूर्वीच बसतात. पाहुण्यांच्या कौतुकातून ते बसतात आणि मुले त्यांच्याप्रमाणे वागू लागतात. ऑस्ट्रेलियाचे स्टीव्ह आणि मार्क वॉ हे जुळे भाऊ क्रिकेटरसिकांना परिचित आहेत. स्टीव्हने डिसेंबर १९८५ मध्ये मेलबर्नला भारताविरुद्ध कसोटी पदार्पण केले. मार्कला पाच वर्षे वाट पाहावी लागली. जानेवारी १९९१ मध्ये अॅडलेडला त्याला संधी मिळाली ती वगळलेल्या स्टीव्हच्याच जागी, आणि त्याने १३८ धावा काढल्या. दोघांचे खेळ वेगळे, स्वभाव वेगळे, वेळाही वेगळ्या. पुढे दोघांनीही शंभराहून अधिक कसोट्या खेळल्या. १९८६ साली कोणी त्या दोन खात्यांची बाकी काढून मार्कला नापास ठरवले असते, तर तो हिशेब किती खोटा ठरला असता!

या खतावणीतील सर्वांत महत्त्वाची नोंद मुलगा-मुलगी अशा जोडीच्या घरी तपासावी लागते. २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांखालील मुलींचे प्रमाण बुलढाणा जिल्ह्यात राज्याच्या सरासरीहूनही कमी होते, ही गोष्ट विसरण्यासारखी नाही. साय कोणाच्या वाटीत जाते, रडल्यावर आधी कोणाला उचलले जाते, खर्चाच्या डॉक्टरकडे कोणाला नेले जाते, या गोष्टी कोणी मुद्दाम करत नाही. त्या सवयीने होतात. दोघांची वजने दर महिन्याला अंगणवाडीतील वृद्धी-आलेखावर वेगवेगळी नोंदवली की सवय उघडी पडते. आणि दोन्ही मुलीच झाल्या असतील, तर ‘एकदमच दोन?’ असे हळहळत विचारणाऱ्यांना घरातील ज्येष्ठांनीच पहिल्या दिवशी गप्प करावे. सुनेने ते करावे अशी अपेक्षा ठेवू नये.

मूळ भांडवल

रोजमेळ चालतो आणि खतावणी भरते ती ज्या भांडवलावर, ते भांडवल म्हणजे आईचे शरीर आणि मन. जुळ्यांच्या मातांमध्ये नैराश्याचे प्रमाण एका बाळाच्या मातांपेक्षा अधिक आढळते, हे अनेक देशांतील अभ्यासांत दिसून आले आहे. दोन बाळंतपणांइतकी झीज, दोघांचे अंगावरचे दूध, वर्षानुवर्षे तुटक झोप. त्यातून रक्तक्षय, पाठदुखी, चिडचिड आणि क्वचित अकारण रडू येणे. भरल्या घरात या रडण्याला नाटक ठरवले जाते. ‘आम्ही पाच-पाच वाढवली’ हे वाक्य तिला ऐकवले जाते. पाच वाढवली हे खरे; पण ती पाच एकाच दिवशी चालू लागली नव्हती.

ज्या घरात गोदामाचा विमा उतरवला जातो, त्या घराने हेही भांडवल सांभाळले पाहिजे. सलग पाच-सहा तासांची झोप आठवड्यातून निदान दोन रात्री तिला मिळावी आणि त्या रात्री मुलांचे उठणे-बसणे वडिलांनी पाहावे. हिमोग्लोबिनची तपासणी करून घ्यावी. अठ्ठाई वा वर्षीतपासारख्या मोठ्या तपाचा संकल्प करण्यापूर्वी अंगावर पाजणाऱ्या आईने डॉक्टरांचा आणि आपल्या गुरुजनांचा सल्ला घ्यावा. कुटुंबाने त्यासाठी आग्रह धरू नये. उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकली, जेवण-झोप उडाली, किंवा मुलांना वा स्वतःला इजा करण्याचे विचार मनात येऊ लागले, तर तो आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य उपलब्ध आहे. तातडीच्या प्रसंगी १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. मोताळ्याहून एकीकडे बुलढाणा आणि दुसरीकडे मलकापूर वीस-पंचवीस किलोमीटरवर आहे, आणि बुलढाण्याची वाट घाटाची आहे. म्हणून रात्री-अपरात्री कोणाची गाडी निघेल आणि उरलेल्या मुलाजवळ कोण थांबेल, हे आधीच ठरवून ठेवावे. आजारी मुलाबरोबर आई गेली की मागे राहिलेल्या मुलाला तो पहिला विरह असतो. त्याच्याजवळ रोजच्या ओळखीचे माणूस हवे.

गावातील समाजालाही यात करण्यासारखे बरेच आहे. बारशाला दोन एकसारखी झबली नेण्याऐवजी चार महिला मंडळाच्या भगिनींनी आठवड्यातून एकेक दुपार वाटून घेतली, तर त्या आईला चार दुपारी विश्रांती मिळेल. त्यात खर्च काहीच नाही. प्रवचनाला दोन मुले घेऊन येणे जमत नाही म्हणून वर्ष-दीड वर्ष जी सून स्थानकात दिसली नाही, तिच्या धर्मभावनेविषयी शंका घेण्याऐवजी तिच्या घरी जाऊन एक मूल मांडीवर घ्यावे.

तीन-साडेतीन वर्षांची झाली की ही मुले एकमेकांशी खेळू लागतात, आणि एका मुलाच्या आईला जी सवड मिळत नाही ती जुळ्यांच्या आईला मिळू लागते. शाळेचा पहिला दिवस त्यांना जड जात नाही, कारण हात धरायला कोणी तरी बरोबर असते. तोपर्यंतचा काळ उधारीचा आहे. ही उधारी एकट्या आईच्या नावे न लिहिता ती घरातील प्रत्येकाच्या पानावर थोडी थोडी वाटून टाकावी.